काळ्या इंग्रजीतलं नाव

१

चौकट तीच होती. सागवानी, खालच्या कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेली. आतला कागदही तसाच पिवळा पडलेला, आणि त्यावर ती जाडजूड, टोकदार, काळीकुट्ट इंग्रजी अक्षरं. बदललं होतं फक्त माणसाचं नाव. ही गोष्ट सगळ्यात आधी जनकाबाईच्या ध्यानात आली, आणि जनकाबाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

साखरखेर्ड्याजवळच्या खैरवाडीत ही शाळा. तिचा सुवर्णमहोत्सव रविवारी होता. जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं म्हणून मुख्याध्यापकांनी महिन्यापूर्वी जनकाबाईकडून तिच्या नवऱ्याचं सर्टिफिकेट मागून नेलं होतं. बुधवारी ते भिंतीवर लागलं. जनकाबाई पाहायला गेली, चौकटीसमोर उभी राहिली आणि तिथून तडक समताच्या दारात आली.

"समता, माह्यं सर्टिफिकेट बदललं वं."

समता नागपूरला सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होती. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार खाल्ला आणि निवृत्त होऊन गावी आली. डोळ्याला लागलेलं वळण काही सुटलं नव्हतं. लग्नपत्रिका हातात आली की नवरा-नवरीच्या आधी तिला फुटका टाइप दिसायचा. गावातले लोक तिला थोडे वचकून असत, आणि तिलाही ते फारसं वाईट वाटत नसे.

ती जनकाबाईबरोबर शाळेत गेली. ती अक्षरं वाचायला तिलाही क्षणभर थांबावं लागलं. मधे लिहिलं होतं, की शाळेची विहीर खणून पाणी दिल्याबद्दल श्री. भगवानराव यांना हे सन्मानपत्र. तारीख पंधरा ऑगस्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तर.

"माय, इथं भगवानराव लिहिलंय."

जनकाबाई खाली बसली. तिच्या गेलेल्या नवऱ्याचं, जानरावचं नाव जगात कुठं लिहिलेलं असेल तर ते एवढ्या एका कागदावर होतं. बहात्तरच्या दुष्काळात तीन जणांनी त्या जागेवर हात टेकले होते, खाली नुसता काळा पाषाण लागला होता. जानरावनं पहार हातात घेतली ती अकरा महिने सोडली नाही. पाणी लागलं तेव्हा पहिले आठ दिवस गावातली अर्धी घरं त्या पाण्याला शिवली नाहीत, कारण विहीर बौद्धवाड्यातल्या माणसानं खणली होती. मग वैशाख आला आणि सगळे घागरी घेऊन आले. तेव्हाच्या हेडमास्तरांना इंग्रजीचं वेड होतं आणि माणूस धीराचा होता. शाळेची इमारत उभी राहिली तेव्हा त्यांनी भर सभेत जानरावला सर्टिफिकेट दिलं.

आता रविवारी विहिरीवर दगडी पाटी बसणार होती, आणि तिच्यावर गावचे मोठे जमीनदार भगवानराव यांचं नाव कोरून तयार होतं.

२

मुख्याध्यापक चंद्रशेखर सरांनी समताला खुर्ची दिली, जनकाबाईला पाणी दिलं. गोड बोलण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं.

"मॅडम, आजीबाईंचं दुःख मी समजू शकतो. पण त्यांनी दिलं तेच आम्ही लावलं. जानराव भगवानरावांकडे कामाला होते. कागद सांभाळायला म्हणून त्यांच्या घरी राहिला असेल. आजींना वाचता येत नाही. नवऱ्यानं सांगितलं, त्यांनी मानलं."

"म्हणजे माह्या माणसानं मले पन्नास वर्षं खोटं सांगतलं?" जनकाबाई म्हणाली.

सर नुसते हसले. त्या हसण्याचा समताला मनापासून राग आला, पण राग आला की ती जास्तच हळू बोलायची. "चौकट उघडून पाहू का?"

"खुशाल पाहा."

तिनं मागचे खिळे उचकटले, कागद बाहेर काढला आणि पालथा करून डोळे मिटून त्याच्यावरून बोट फिरवलं. अक्षरं मागच्या बाजूला उठली होती. कॉम्प्युटरवरून निघालेला कागद मागून सपाट असतो. शिशाच्या सुट्या अक्षरांनी, म्हणजे खिळ्यांनी, दाबून छापलेला कागद मागून बोटाला कळतो. शिवाय कागदही जुना, त्या काळातला, जाड, कडेनं तांबूस झालेला.

"पटलं ना?" सर म्हणाले. "अजून एक दाखवतो." त्यांनी कमरेची किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं आणि पितळी मुठीचा एक गोल शिक्का टेबलावर ठेवला. "कागदावरचा शिक्का याच शिक्क्याचा. ऐंशी साली शाळेचं नाव बदललं, तेव्हापासून हा वापरात नाही. कुलपात असतो. किल्ली माझ्याशिवाय कोणाकडे नसते."

समतानं शिक्का उलटा करून पाहिला, कागदावरच्या शिक्क्याशी ताडून पाहिला. नाव तेच, फुटलेली कडही तीच. तिनं तो परत ठेवला, बोटाला लागलेला जांभळा डाग पदराला पुसला आणि मोबाइलवर सर्टिफिकेटचे दोन-चार फोटो काढून घेतले.

बाहेर लिंबाखाली जनकाबाई तिच्या तोंडाकडे पाहत होती.

"माय, कागद खऱ्या छापखान्यातलाच आहे. शिक्काही खरा आहे."

"मंग मी खोटी हाये काय?" जनकाबाईनं विचारलं.



३

दुसऱ्या दिवशी सकाळी समतानं वेगळा प्रश्न विचारला. खरं तर तो आदल्याच दिवशी विचारायला हवा होता. "माय, नाव तर तुला वाचता आलं नाही. मग बदललं हे तुला कळलं कशावरून?"

जनकाबाई भाकरी थापत होती. तिनं परातीतल्या पिठावर बोटानं एक आकार काढला, डावीकडून फुगलेला, आणि त्याच्या पोटात एक बारीक उभी रेघ. "हे पह्यलं अक्षर. याच्या पोटात काडी हाये. पन्नास वर्षं दर बुधवारी काच पुसली मी, मले नाही ठाऊक? माह्यी काडी वरपासून खालपर्यंत उभी होती. त्या कागदातली मधातच मोडेल हाये."

तो सर्टिफिकेट शब्दातला मोठा सी होता. समतानं मोबाइल काढून फोटो बोटांनी मोठा केला. पोटातली बारीक रेघ खरोखरच मधे तुटली होती. कालपासून चार वेळा फोटो पाहिला होता आणि छपाईत शाई कमी लागली असेल म्हणून सोडून दिलं होतं. मुद्रितशोधक म्हणून मिरवणाऱ्या बाईला आपलीच लाज वाटली.

पण नुसत्या तुटक्या रेघेवर कोण विश्वास ठेवणार? ती साखरखेर्ड्याला शिवमच्या दुकानात गेली. शिवम हा भगवानरावांचा पणतू, शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव यांचा नातू. फ्लेक्स, टॅटू, गाड्यांच्या काचांवरची नावं, सगळं तो करायचा. दुकानात पाऊल टाकलं की चहूकडून तीच काळी अक्षरं अंगावर यायची. व्यायामशाळेच्या बॅनरवर तीच, जीपच्या मागच्या काचेवर तीच, डीजेच्या पेटीवर तीच, खुद्द शिवमच्या मनगटावर आईचं नाव त्याच अक्षरात गोंदलेलं.

"काकू, सध्या याचीच चलती हाये," तो म्हणाला. "हे अक्षर वाचाले नसते, रुबाबाले असते. माह्या मायलेबी तिचं नाव वाचता येत नाही, पण पाहून खुश झाली."

"मले सर्टिफिकेट असा शब्द काढून दे बरं."

त्यानं चुटकीसरशी काढून दिला. समतानं पाहिला. दोन्ही टी अगदी एकसारखे, दोन्ही ईसुद्धा, एकीत खोट नाही. फोटोतले दोन टी मात्र दोन वेगळे होते, एकाचं टोक झिजलेलं, दुसऱ्याचं धारदार. म्हणजे हे काम शिवमच्या मशीनचं नव्हतं.

"ती चौकट तुह्याकडं आली होती?"

"हाव, काच बदलाले. चंद्रशेखर सर घेऊन आले होते. पण कागद त्यायनं आधीच काढून घेतला होता. मी नुसती काच बसवली."

तेवढ्यात उत्तमराव आत आले. सत्तरी ओलांडलेला, पांढऱ्याशुभ्र धोतरातला माणूस. समता कशाला आली हे त्यांना कळलंच होतं, आणि ते चिडून बोलतील अशी तिची अटकळ होती. ते बाकावर बसले आणि शांतपणे बोलू लागले.

"बाई, विहीर झाली तेव्हा मी शिकाले बाहेरगावी होतो. माह्या बापानं विहीर देली, हे तेव्हापासून घरात ऐकत आलो. लिहेल कुठंच नव्हतं. काल भिंतीवर पाह्यलं आन् मले रडू आलं. जनकाबाईले काही मदत पाह्यजे असंल तर करतो. पण बापाचं नाव कसं काढू?"

हा माणूस खोटं बोलत नव्हता. समताला तेच अवघड झालं. ज्याला फायदा, त्यालाच ठाऊक नाही. कागद सरांनी काढला असेल, पण नवा छापून दिला कोणी?

४

या भागात त्या टोकदार अक्षरांचे, छापखान्याच्या भाषेत काळ्या इंग्रजीचे, खिळे होते ते एकाच छापखान्यात, दुसरबीडला. मालक वारले, मुलगा संभाजीनगरला गेला आणि मागे राहिलं पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन आणि देवानंद. पंधराव्या वर्षी तो तिथं खिळे जुळवायला लागला, आता सत्तरीला आला. पत्र्याच्या खोलीत बसून पावतीपुस्तकांवर नंबर मारायचा. चष्म्याच्या काचा सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या.

समतानं फोटो पुढे धरला. त्यानं मोबाइल नाकापर्यंत नेला आणि लगेच परत दिला.

"हाव, आमचीच छपाई. चौऱ्याहत्तरची."

"एवढं पटकन ओळखलं?"

"दुसऱ्या कोणाकडं काळी इंग्रजी होती? मालकानं अकोल्याहून जुनीच आणली होती, एकच केस, म्हणजे खणाखणाची पेटी. मोठ्या अक्षरायचा तर एकएकच खिळा. मोठ्या लोकायच्या पत्रिका, बक्षिसाचे कागद, बँडवाल्यायचे कार्ड, हेच तिचं काम. गरिबाच्या पत्रिकेले ती कोणी मांगत नव्हतं."

"एकएकच? म्हणजे मोठा सीसुद्धा?"

"एकच."

समतानं वर पाहिलं. भिंतीवर तारांचे आकडे टांगलेले होते आणि प्रत्येक तारेत कागदांची जाड चळत ओवलेली. छापखान्याची जुनी रीत. निघालेल्या प्रत्येक कामाची एक प्रत तारेत ओवायची, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा आलं की नमुना हाताशी. वर्षाला एक तार. नागपूरच्या छापखान्यात तिनं अशी खोलीभर पाहिली होती.

"मी पाहू या तारा?"

"पाहा. सत्त्याहत्तरपर्यंतच्या उधईनं खाल्ल्या. पुढच्या हायेत."

तिनं तारा उतरवून दारातल्या उन्हात आणल्या आणि काळ्या इंग्रजीतली कामं निवडून ओळीनं मांडत गेली. एकोणऐंशीची लग्नपत्रिका, सी अख्खा, काडी वरपासून खालपर्यंत. त्र्याऐंशीचा बक्षिसाचा कागद, काडी अख्खी. शहाऐंशी सालचं बँडवाल्याचं कार्ड, अख्खी. नव्वदची पत्रिका उचलली आणि तिचा हात थबकला. काडी मधेच तुटलेली. ब्याण्णव, तुटलेली. अठ्ठ्याण्णव, तुटलेली. त्यानंतर काळ्या इंग्रजीत एकही काम नव्हतं.

म्हणजे शहाऐंशीपर्यंत काडी शाबूत होती, नव्वदमध्ये ती मोडलेली होती. आणि शाळेच्या भिंतीवरचा कागद, ज्याच्यावर चौऱ्याहत्तरची तारीख होती, तो मोडक्या काडीनं छापलेला होता.

"देवानंद, नव्वदच्या आधी ही केस कधी पडली होती काय?"

"पडली होती. एकोणनव्वदची दिवाळी. माह्याच हातून. मालकानं लय शिव्या घातल्या." तो हसला. "तुमाले कोणं सांगतलं?"

"तो सीचा खिळा दाखव."

त्यानं न पाहता केसमध्ये हात घातला. खिळे जुळवणारा माणूस डोळ्यांनी कधी शोधत नाही. प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एक खाच असते, ती बोटाला लागली की सुलटा कोणता, उलटा कोणता ते कळतं. त्यानं सी तिच्या तळहातावर ठेवला. केसमधले बाकीचे खिळे धुळीनं पांढुरके झाले होते. हा मात्र लख्ख होता आणि त्याला रॉकेलचा वास येत होता. छापून झालं की शाई उतरवायला खिळे रॉकेलनं धुतात.

"अठ्ठ्याण्णवनंतर याचं काम नाही म्हणतोस. मग हा आत्ता कोणी धुतला?"

देवानंदनं चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत राहिला.

५

"महिना झाला," तो म्हणाला. "चंद्रशेखर सर आले होते. म्हणे नाव चुकीचं छापेल हाये, दुरुस्त करून द्या. जुन्या कागदाचे तुकडे माह्याकडं पडेल होते. मी छापून देलं."

"तुला पटलं, नाव चुकलं होतं म्हणून?"

"नाही." त्यानं मान वर केली. "चौऱ्याहत्तरले ते मीच जुळवलं होतं. जानराव. अठरा-एकोणीस वर्षांचा होतो. हेडमास्तर इथं उभे राहून म्हणाले होते, की नाव नीट जुळव, हा मोठा माणूस हाये. मले सगळं ठाऊक होतं."

"मग केलंस काऊन?"

"एवढ्या वर्षायनं कोणी काळी इंग्रजी मांगतली होती, बाई. सर म्हणाले, असं काम आता तुमच्याशिवाय कोणाले जमत नाही. मी केस उघडली आन् मंग मले थांबता नाही आलं."

"जुना कागद कुठं आहे?"

"सरांनी इथंच फाडला. चिंध्यायसोबत जळला."

समता उठून दारात गेली. तिला रडू येत होतं आणि ते त्याला दिसू नये असं वाटत होतं. जानरावचं एकुलतं एक लिहिलेलं नाव रॉकेलच्या चिंध्यांबरोबर गेलं होतं. भिंतीवरचा कागद खोटा आहे एवढं आता सिद्ध होत होतं. पण त्या सभेतली जाणती माणसं केव्हाच गेली होती; खऱ्या कागदावर जानरावच होता, हे सांगायला जगात देवानंद सोडून कोणी उरलं नव्हतं. आणि त्यानं तोंड उघडलं की त्याचीही अब्रू जाणार होती. कदाचित पोलीसही मागे लागणार होते.

तिच्या मनात एक वाट आली. ती खोटी होती, पण दयाळू होती.

"देवानंद, मोडका सी तू मुद्दाम लावलास, असं म्हणायचं का? सरांपुढं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून कोणीतरी ओळखेल अशी खूण ठेवली. लोक तुला माफ करतील. उलट शाबासकी देतील."

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "रविवारी येतो," एवढंच म्हणाला.

६

रविवारी नऊ वाजता पाटीवरचा पडदा निघायचा होता. साडेआठला मुख्याध्यापकांच्या खोलीत उत्तमराव, शिवम, जनकाबाई आणि सर बसले होते. समतानं टेबलावर तारेतले कागद वर्षांच्या ओळीनं मांडले आणि शेवटी भिंतीवरची चौकट आणून ठेवली.

"मला भाषण करता येत नाही," ती म्हणाली. "फक्त पहिल्या अक्षराच्या पोटातली काडी पाहत जा."

शिवमनं आधी पाहिलं. अक्षरं त्याच्याच धंद्यातली. तो एकोणऐंशीपासून नव्वदपर्यंत बोट नेत गेला, परत मागे आला, पुन्हा गेला. "आजोबा," तो हळूच म्हणाला, "हे चौऱ्याहत्तरचं नाही."

चंद्रशेखर सर सावरून बसले. "मॅडम, समजा छापखान्यात कोणी काही केलं असेल. त्याचा शाळेशी काय संबंध?"

"शिक्का," समता म्हणाली. "ऐंशीपासून कुलपात असलेला शिक्का. चाळीस-पंचेचाळीस वर्षं न वापरलेलं रबर कोरडं ठणठणीत असायला हवं. बुधवारी त्याची शाई माझ्या बोटाला लागली. ती मी या पदराला पुसली, डाग अजून गेला नाही. आणि किल्ली तुमच्याशिवाय कोणाकडे नसते, हे तुम्हीच सांगितलंत."

सरांनी उत्तमरावांकडे पाहिलं. त्यांना मे महिन्यात निवृत्त व्हायचं होतं, आणि संस्थेचं नवं कनिष्ठ महाविद्यालय जूनमध्ये सुरू व्हायचं होतं. त्याचा प्राचार्य उत्तमराव ठरवणार होते.

"साहेब, मी तुमच्यासाठी केलं," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांचं कुठंच काही नव्हतं. आणि खरं सांगू, पन्नास वर्षांत त्या अक्षरांत काय लिहिलंय ते गावात कोणी वाचलं होतं? कोणाचं काय गेलं?"

"माह्यं गेलं," जनकाबाई म्हणाली.

उत्तमराव उठले. "समताबाई, मोडक्या काडीवरून एवढं कळते की हे खोटं हाये. पण खऱ्या कागदावर कोण होतं?"

समतानं दाराकडे पाहिलं. देवानंद व्हरांड्यात उभा होता. चप्पल बाहेर काढून तो आत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "जानराव. चौऱ्याहत्तरले मी जुळवलं. एक महिन्यापह्यले मीच ते काढून भगवानराव जुळवलं."

"पण मोडका खिळा तुमी मुद्दाम लावला ना?" शिवमनं विचारलं. त्याच्या आवाजात आशा होती. "खूण म्हणून?"

उत्तमराव, शिवम, समता स्वतः, सगळ्यांनाच त्या एका होकारानं हलकं वाटलं असतं.

"नाही," देवानंद म्हणाला. "मले दिसलं नाही. डोळ्यात मोतीबिंदू हाये. बोटाले खाच लागली, मी लावला. मोडेल हाये हे ध्यानात असतं तर दुसरी काही सोय केली असती, कारण काम नीट झालं पाह्यजे असंच वाटत होतं मले. खोटं एकदा छापलं, बाई. आता त्याच्यावर दुसरं नको."

सर मान खाली घालून बसले होते. उत्तमरावांनी चौकटीवरची अक्षरं एकदा पाहिली आणि ती चौकट हळूच पालथी ठेवली.

"जनकाबाई," ते म्हणाले. "मंग माह्या बापानं काय केलं होतं? घरात एवढं सांगत होते ते सगळं..."

जनकाबाईनं उत्तमरावांकडे पाहिलं. पन्नास वर्षांत या घराण्यातल्या कोणी तिला असा प्रश्न विचारला नव्हता. त्यांना दुखवायची याहून चांगली संधी पुन्हा येणार नव्हती, आणि ते तिला कळत होतं.

"बैल तुह्या बापाचे होते," ती म्हणाली. "दगड वर वढाले. अकरा महिने देले, कधी नाही म्हटलं नाही. ते बी लिहा. पण विहीर माह्या माणसानं खणली."

पडद्याची वेळ टळून गेली. बाहेर लाऊडस्पीकरवर कोणीतरी पाहुण्यांना बसायची विनंती करत होतं. उत्तमराव शिवमला म्हणाले, पाटी काढून घे आणि आजच्या आज दुसरी कर. शिवमलाही काहीतरी करायचं होतंच. "आजी, त्याच काळ्या अक्षरात करतो, तुमच्या सर्टिफिकेटसारखंच. ग्रॅनाइटवर लय भारी दिसते."

"नको," जनकाबाई म्हणाली. "ते भारी होतं म्हणून तर कोणं वाचलं नाही. साधं मराठीत लिहा. मले वाचता येत नाही, पण पाणी पेणाऱ्या पोरीयले आलं पाह्यजे."

देवानंद पुढे आला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. "माय, नमुना मी काढून देतो. मराठीचे खिळे हायेत माह्याकडं, चांगले हायेत. नाव मी जुळवतो. तेवढं करू दे मले."

समताला वाटलं, ती हो म्हणेल. सगळ्यांनाच तसं वाटलं.

"नाही," जनकाबाई म्हणाली. ती रागानं बोलत नव्हती. "तुह्या हातानं ते नाव एकदा निघालं. आता तुह्या हातचं नको. समता लिहील." देवानंदनं मान हलवली आणि तो दाराकडे वळला. तो उंबऱ्यापर्यंत गेल्यावर तिनं पाठीमागून हाक मारली. "दुरून आला तू. पंगत हाये, जेवून जाय. माह्याजवळ बस."

समतानं टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, पेन उघडलं आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत 'जानराव' असं लिहिलं. लिहून झाल्यावर वर्षानुवर्षांच्या सवयीनं तिनं ते तीनदा तपासलं.